भिरभिऱ्याची टोकं जुळत नाहीत, ओळ आखूड भरते: एचएसटीतली चूक नेमकी कुठे शिरते?

भाचीच्या बाळासाठी भिरभिऱ्यांचं क्विल्ट करायला घेतलं होतं. आडवी सहा आणि उभी आठ, म्हणजे अठ्ठेचाळीस भिरभिरी, तयार माप ३६ बाय ४८ इंच. एका भिरभिऱ्याला चार एचएसटी, म्हणजे एकूण १९२. गडद बाजूला निळं ठशांचं कापड, फिक्या बाजूला आईची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी. पहिली ओळ जोडून टेप लावली. बाहेरची माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेली कड, धरून साडेछत्तीस इंच भरायला हवी होती. भरली ३४ इंच अडीच सूत.

ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी सांगते. एचएसटी म्हणजे हाफ स्क्वेअर ट्रँगल, दोन काटकोन त्रिकोण कर्णावर जोडून झालेला चौरस. दिसायला इतका साधा तुकडा दुसरा नसेल, पण चुका याच्यातच सर्वांत जास्त होतात. त्रास बहुतेकींचा सारखा असतो: तुकडा लहान भरतो, तिरका होतो, किंवा चार तुकडे जोडल्यावर भिरभिऱ्याच्या मधली टोकं शिवणीत गडप होतात. यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो, "मोठे शिवा आणि ट्रिम करा." सल्ला खोटा नाही, पण तो अर्ध्या दुखण्यावरचं औषध आहे. माझी ती ओळ ट्रिम करून शिवली असती तरी आखूडच भरली असती. कशी, ते खाली हिशेबाने दाखवते.

हिशेब सुतात करू. सुतार आणि जुने शिंपी इंचाचे आठ सूत धरतात, आणि या कामाला ते माप फार सोयीचं आहे. पाव इंच माया म्हणजे दोन सूत.

सात सूत कुठून आले?

तयार ३ इंचांचा एचएसटी हवा असेल तर चौरस ३ इंच ७ सूत कापा, असं सांगतात. हे सात सूत पाठ करण्यापेक्षा समजून घेतले तर पुढे चूक शोधता येते. दोन सरळ कडांची माया प्रत्येकी दोन सूत, झाले चार. उरलेली माया कर्णावरच्या शिवणीची. तिथे दोन सूत तिरके जातात, म्हणून सरळ कडेवर मोजले तर १.४१४ पट होतात, म्हणजे तीन सुतांना जरा कमी. चार अधिक तीन, सात. शाळेतल्या पायथागोरसचं हेच काम.

आता मशीनवर माया अर्ध्या सुताने जास्त गेली, दोनऐवजी अडीच सूत, असं समजा. अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटर. डोळ्यांना दिसतही नाही. पण कर्णावर त्याचा जवळजवळ पाऊण सूत होतो. सात सुतांच्या मापात मुळातच केसभर जास्तीचं असतं, ते वजा केलं तरी तुकडा अर्ध्या सुताने लहान भरतो: साडेतीन इंचांऐवजी ३ इंच साडेतीन सूत. बारा तुकड्यांचे झाले सहा-साडेसहा सूत. पुढे हे बारा तुकडे जोडताना अकरा शिवणी पडतात. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा, म्हणजे एक पूर्ण सूत जास्त खाल्लं जातं. तिथले अकरा. एकूण साडेसतरा सूत, म्हणजे सव्वादोन इंचांच्या आसपास. माझ्या ओळीत नेमकी एवढीच तूट होती.

यातले अकरा सूत एचएसटीचे नाहीतच, ते जोडणीच्या शिवणीचे आहेत. तुकडे कितीही काटेकोर ट्रिम केले तरी हे अकरा सूत गेलेच असते.

आमच्या गल्लीत एक वयस्कर शिंपी काका आहेत. ती ओळ त्यांना दाखवली. त्यांनी आधी टेप मागितली नाही, ओळ उलटी केली आणि अंगठ्याच्या नखाने माया चाचपली. म्हणाले, "ताई, कापलंय बरोबर तुम्ही. माया मशीनने खाल्लीय." तेव्हापासून कुणाचं क्विल्ट आखूड भरलं की मीही आधी ते उलटं करून बघते.

आधी शिवण तपासा, मग बाकी सगळं

दीड इंच रुंद आणि साधारण चार इंच लांब अशा तीन पट्ट्या कापा. शेजारी-शेजारी जोडा, इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर १ इंच भरली पाहिजे आणि तिन्हींची मिळून रुंदी साडेतीन इंच. मधली पट्टी सात सूत भरली तर तुमची माया प्रत्येक शिवणीत अर्ध्या सुताने जास्त आहे. माझी तेवढीच भरली.

तपासणी ज्या कापडावर, दोऱ्याने आणि सुईने काम करणार त्यांनीच करा. शिवण उघडून एका बाजूला वळवली की कापडाच्या घडीत आणि दोऱ्याच्या जाडीत थोडं माप जातं. म्हणून प्रत्यक्षात टाका दोन सुतांच्या एक धागा आत घालावा लागतो. जाड दोऱ्याला जास्त आत, बारीक दोऱ्याला कमी. सुई ११ नंबरची घ्या. घरच्या मशीनला बहुधा १४ किंवा १६ लावलेली असते, ती पातळ सुती कापडाला भोकं पाडते आणि टाका सरळ पडत नाही. टाके इंचाला बारा ठेवा.

मशीनच्या फुटाच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, कडेवर विसंबू नका. पाव इंची म्हणून विकत मिळणारे सगळे फूट पाव इंची नसतात, आणि असले तरी सुई जराशी बाजूला असली की हिशेब बदलतो. त्याऐवजी मोजपट्टी फुटाखाली ठेवा, हाताने चाक फिरवून सुई पाव इंचाच्या रेघेवर अलगद टेकवा, आणि पट्टीच्या उजव्या कडेला लागून मशीनवर मेडिकलच्या चिकटपट्टीचे पाच-सहा थर एकावर एक लावा. कापडाला टेकायला बांध तयार होतो. पुन्हा तीन पट्ट्यांची तपासणी करा. पहिल्या फटक्यात जमत नाही, मला चार वेळा चिकटपट्टी सरकवावी लागली. त्या अर्ध्या तासानंतरचं सगळं काम बदललं.

घरात पायाची जुनी काळी मशीन असेल तर ती या कामाला उत्तम आहे, अडगळीत टाकू नका. ती फक्त सरळ टाका घालते, त्यामुळे तिच्या सुईच्या पत्र्याला एकच बारीक गोल भोक असतं. झिगझॅग मशीनच्या पत्र्याला आडवी फट असते आणि त्रिकोणाचं टोक शिवायला घेतलं की ती ते खाली ओढून घेते, दोरा गुंततो, टोक चुरगळतं. अशा मशीनवर सुरुवात नेहमी एखाद्या चिंधीवर करा. चार टाके चिंधीवर घाला आणि दोरा न तोडता एचएसटी पुढे सरकवा.

तुकडा लहान नाही, पण तिरका आहे

हे दुखणं शिवणीचं नाही, उरेबाचं आहे, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरक्या जाणाऱ्या दिशेचं.

सुतार चौकट काटकोनात आहे का ते दोन्ही कर्ण मोजून बघतो. तसंच करा. ट्रिम करण्याआधी एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. साडेतीन इंचांच्या तुकड्याचे दोन्ही कर्ण पाच इंचांना जेमतेम अर्धा सूत कमी भरतात. एक लांब आणि एक आखूड भरला तर कापड ताणलं गेलंय.

कापड उभ्या धाग्यात जवळजवळ ताणलं जात नाही, आडव्या धाग्यात थोडं, आणि उरेबात भरपूर. त्रिकोणाचा कर्ण पूर्ण उरेबात असतो. म्हणूनच त्रिकोण आधी कापून मग जोडायची जुनी पद्धत नव्याने शिकणारीला मी सुचवत नाही. दोन चौरस सुलट बाजू आत घेऊन समोरासमोर ठेवा, कर्ण आखा, त्याच्या दोन्ही अंगांना पाव-पाव इंचावर शिवा आणि मगच कर्णावर कापा. उरेब उघडा पडण्याआधीच शिवणीने बांधला जातो.

चार कडा शिवून दोन्ही कर्णांवर कापायची एक झटपट पद्धतही आहे. एका फटक्यात चार एचएसटी मिळतात, आखणी शून्य. पण त्यात प्रत्येक तुकड्याच्या चारही बाहेरच्या कडा उरेबात येतात. पक्क्या विणीच्या कॅम्ब्रिकवर निभावतं. जुन्या साडीवर अजिबात करू नका, ओळी जोडताना कडा लाटांसारख्या हलतात आणि मग कुठलीच इस्त्री त्यांना सरळ करत नाही.

भरपूर तुकडे हवे असतील तर आठाची पद्धत चांगली. चौरसाचं माप तयार मापाची दुप्पट अधिक पावणेदोन इंच. ३ इंचांसाठी पावणेआठ, आणि ट्रिमला जागा ठेवायची असेल तर सरळ ८ इंच घ्या. दोन्ही कर्ण आखा, प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना शिवा. मग आधी उभा-आडवा बरोबर ४ इंचांवर कापा आणि शेवटी कर्णांवर. उभा काप देऊन झाल्यावर कापड उचलून फिरवलं तर मध्य हमखास हलतो. तुम्ही टेबलाभोवती फिरा किंवा मॅट फिरवा, कापडाला हात लावू नका. १९२ एचएसटींना प्रत्येक रंगाचे २४ चौरस लागतात. ४४ इंच पन्ह्यात एका ओळीत पाच बसतात, म्हणजे एका रंगाचं सव्वा मीटर कापड पुरतं.

उरेबाला ताणणारी दुसरी गोष्ट म्हणजे आपला इस्त्रीचा हात. शर्ट आणि साड्या करून करून हाताला घासायची सवय लागलेली असते: इस्त्री टेकवली की हात आपोआप पुढे सरकतो. एचएसटीवर हा एकच फटका पुरतो. माझ्या हाताखाली निळा त्रिकोण जागचा हलला नाही, पण साडीचा त्रिकोण इस्त्रीच्या टोकापुढे मुरडत, पसरत गेला आणि कोपरा दोन मिलिमीटर बाहेर आला. म्हणून इस्त्री उचला आणि ठेवा, उचला आणि ठेवा. आधी तुकडा मिटलेला असतानाच शिवणीवर दाब द्या, त्याने टाका कापडात बसतो. मग गडद बाजू वर ठेवून तुकडा उघडा आणि शिवणीच्या लांबीवर इस्त्री टेकवा. वाफ बंद ठेवा. काही जणी वाफेशिवाय काम करत नाहीत, त्यांचे तुकडे चांगले होतही असतील. मऊ कापडावर मी ती धोक्याचीच मानते.

खळ

मऊ, सैल विणीच्या कापडाला कापण्याआधी खळ द्या. कापल्यानंतर देऊन उपयोग नाही, तोवर ताण बसलेला असतो. कापड आधी धुऊन घ्या म्हणजे आटायचं ते आटेल आणि ठशांच्या कापडाचा जादा रंग निघेल. एक मोठा चमचा साबुदाणा तीन कप पाण्यात पारदर्शक होईपर्यंत उकळा, गाळा, थोडं पाणी घालून पातळ करा. कापड बुडवून हलकं पिळा, सावलीत वाळवा आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. भाताची पेजही चालते. बाजारचा स्टार्चचा फवारा सोयीचा असतो, पण जुन्या साडीला बुडवून दिलेल्या खळीसारखा ताठपणा त्याने येत नाही.

कागदासारखं कडक कापड हातात घेतलं की फरक लगेच कळतो. हीच साडी खळीविना कापली तेव्हा कटरच्या पात्यापुढे तिची सुरकुती पळत होती, खळीनंतर काप कागदावरच्यासारखा गेला. एक लक्षात ठेवा: खळ घातलेले तुकडे महिनोन्‌महिने कपाटात पडू देऊ नका, कसर लागते. क्विल्ट पूर्ण झालं की धुऊन टाका.

गोधडी शिवणाऱ्या आमच्या आज्यांना हा सगळा खटाटोप करावा लागला नाही, आणि त्यांचं कसब त्यामुळे कमी ठरत नाही. गोधडीत चिंध्या खालच्या थरावर ठेवून कड आत दुमडत धावदोऱ्याने पक्क्या केल्या जातात. तुकडा अर्धा सूत लहान असला तर शेजारचा त्याच्यावर थोडा जास्त चढवायचा. पीस्ड ब्लॉकमध्ये, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या चौकोनात, एकावर एक चढवणं नसतं, कड कडेला भिडते, म्हणून मापाची चूक लपायला जागा उरत नाही.

ट्रिम करताना कडेकडे बघू नका, शिवणीकडे बघा

रोटरी कटर, म्हणजे फिरत्या गोल पात्याचा कटर, जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ साली आणला. त्याआधी पुठ्ठ्याचे साचे, पेन्सिल आणि कात्री यांवरच काम चालायचं. कटरने काप सरळ आणि जलद झाला, पण पट्टी चुकीची ठेवली तर चूकही तेवढीच जलद होते.

पट्टीवरची ४५ अंशांची रेघ शिवणीवर ठेवा, कापडाच्या कडेवर नाही. कड आधीच वाकडी असू शकते. साडेतीन इंचांच्या खुणांच्या बाहेर चारही बाजूंना थोडं कापड दिसलं पाहिजे. दोन बाजू कापा, तुकडा अर्धा फिरवा, कापलेल्या कडा साडेतीनच्या रेघांवर बसवा, ४५ची रेघ पुन्हा शिवणीवर आहे ना ते बघा आणि उरलेल्या दोन बाजू कापा. ट्रिम झाल्यावर शिवण बरोबर कोपऱ्यातून निघून बरोबर कोपऱ्यात शिरली पाहिजे. कोपऱ्याच्या शेजारून निघत असेल तर तो तुकडा मापाने अचूक असूनही भिरभिऱ्यात टोक चुकवणार.

वेळ वाचवायचा असेल तर तुकडा मिटलेला असतानाच ट्रिम करा. पट्टीच्या काटकोनाच्या दोन्ही कडांवरच्या साडेतीनच्या खुणा शिवणीवर टेकवा आणि दोन काप द्या, चारची गरज नाही. खुणा शिवणीच्या एक धागा आत, म्हणजे त्रिकोणाच्या बाजूला ठेवा, कारण उघडल्यावर घडीत तेवढं माप जातं.

कटर नसेल तर कंपासपेटीतला ४५ अंशांचा गुण्या घ्या. त्याने कोपरा तपासता येतो आणि पेन्सिलने रेघ मारून कात्रीने कापता येतं. कटर मात्र त्या पातळ प्लास्टिकला लावू नका, पातं प्लास्टिक तासतं आणि बोटावरही येऊ शकतं. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच पट्टी वापरा. माझ्याकडच्या दोन पट्ट्यांत बारा इंचांना अर्ध्या सुताचा फरक निघाला. शिवणकामाच्या टेपचा पहिला इंच पत्र्यापाशी झिजलेला असतो, म्हणून एक इंच सोडून मोजायची शिंप्यांची पद्धत इथेही पाळा.

तुकडे अचूक, तरी टोकं गायब

आता उरली शेवटची जोडणी. दोन एचएसटी जोडल्यावर उलट बाजूला शिवणी एकमेकींना छेदतात आणि फुलीसारखी खूण दिसते. पुढची शिवण त्या फुलीच्या एक धागा बाहेरून, म्हणजे मायेच्या बाजूने गेली तर टोक शाबूत राहतं. आतून गेली तर टोक कापलं जातं. म्हणून फुली दिसणारी बाजू नेहमी वर ठेवून शिवा. मशीनचे दाते खालचं कापड वरच्यापेक्षा जलद ओढतात, त्यामुळे टाचण्या हव्यातच. पहिली टाचणी दोन्ही तुकड्यांच्या फुलीतून सरळ उभी खुपसा, तिच्या दोन्ही बाजूंना आडव्या दोन लावा आणि मधली काढून घ्या.

सगळ्या एचएसटींच्या शिवणी गडद बाजूला वळवल्या असतील तर भिरभिऱ्याचे दोन अर्धे समोरासमोर आल्यावर शिवणी आपोआप उलट दिशांना येतात. चिमटीत धरून हलवलं की एक शिवण दुसरीला जाऊन अडते. ते बोटांना कळतं, डोळ्यांनी बघायची गरज नाही.

एवढं करूनही मध्यावर गाठीसारखा जाड उंचवटा येतो, कारण तिथे आठ त्रिकोणांची टोकं एकत्र येतात. मधल्या उभ्या शिवणीचे मायेतले एक-दोन टाके उसवा, फक्त मायेतले, आणि शिवणी गोलाकार एकाच दिशेने फिरवून इस्त्रीने दाबा. मध्य सपाट बसतो.

चुकलेले १९२ तुकडे मी टाकले नाहीत. ती ओळ उसवली, सगळे तुकडे सव्वातीन इंचांवर ट्रिम केले आणि तयार माप पावणेतीन धरलं. मशीनला चिकटपट्टीचा बांध लावून पुन्हा जोडायला घेतले. क्विल्ट ३६ बाय ४८ऐवजी ३३ बाय ४४ झालं. पहिली ओळ यावेळी साडेतेहतीस भरली, बाहेरची माया धरून. ती पालथी घातली तेव्हा प्रत्येक भिरभिऱ्याच्या मागे, फिरवलेल्या शिवणींच्या मध्यावर, नखाएवढं आणखी एक भिरभिरं होतं.